बळ आणि दम

(वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी लिहून काढताना वेळेअभावी राहून गेलेला काही भाग जोडला आहे.)



दरवर्षी या व्यासपीठावरून विवाहातील खर्च, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहाचे गळके छप्पर या तीन विषयांवर भाषणे होतात. यंदा आम्हांस व्यायामावर बोलण्याची आज्ञा झाली, यास तात्कालिक कारण आहे. वसतिगृहामागील धान्याची जुनी कोठी रिकामी झाली असून तेथे व्यायामशाळा काढावी, असा ठराव पुढे आला आहे. ठरावास विरोध कोणाचाच नाही. परंतु त्या व्यायामशाळेत काय असावे, यावर मात्र दोन तट पडले आहेत. तरुण मंडळी म्हणतात, लोखंडी वजने आणावीत, सळया आणाव्यात, भिंतीस आरसे लावावेत. वडीलधारी मंडळी म्हणतात, लोखंडात पैसा कशास घालता, पहाटे उठून मोती तलावापर्यंत चालत जा आणि या. फुकटचा व्यायाम होईल. आम्ही जन्मभर एका शाळेत व्यायामशिक्षक म्हणून शिट्टी वाजविली, एवढ्याच भांडवलावर या वादाचा निवाडा आमच्याकडे सोपविला गेला असावा. तो प्रारंभीच सांगून टाकतो. दोन्ही तटांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. आणि ज्याने त्याने आपले अर्धे पूर्ण समजून धरले, याचीच किंमत आपल्या घराघरांतून मोजली जात आहे. आमच्या घरानेही ती मोजली आहे.

आपल्या शेतकरी माणसास हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बैल पारखताना तो विचारतो, याच्यात बळ किती आणि दम किती? काळ्या जमिनीत रुतलेली गाडी एका हिसड्यासरशी बाहेर काढणारा बैल बळाचा. आणि पहाटे जुंपलेली गाडी दुपारपर्यंत एका चालीने ओढून बाजारास पोहोचविणारा बैल दमाचा. एकाच बैलात दोन्ही गुण मिळाले तर पैशाकडे पाहू नये, असे जुने लोक म्हणत. बैलाविषयी इतके सूक्ष्म ज्ञान असलेला आपला समाज स्वतःच्या देहाविषयी मात्र ‘प्रकृती ठीक आहे’ या तीन शब्दांपलीकडे जात नाही, याचे आम्हांस नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

आमचे वडील अंबड तालुक्यातील एका पेढीवर दिवाणजी होते. उधारीच्या वसुलीसाठी ते गावोगाव पायी फिरत. उन्हाळ्यातही चार-पाच कोस सहज चालून येत आणि आल्यावर पाणी मागण्यापूर्वी वही उघडून बसत. सत्तरी उलटल्यावरही मत्स्योदरी देवीची टेकडी चढताना त्यांस कधी धाप लागली नाही. दम म्हणावा तर असा. परंतु शेवटच्या काही वर्षांत पाटावरून उठताना ते हात जमिनीला टेकवू लागले, मग भिंतीला धरू लागले, पुढे कोणाचा तरी हात मागू लागले. आम्ही व्यायामशिक्षक! दररोज दोनशे मुलांकडून बैठका काढून घेत होतो. आणि घरी आल्यावर वडिलांचा हात धरून त्यांस उठवीत होतो. मांड्यांतील बळ सरत चालले आहे, ते पुन्हा काही अंशी मिळविता येते, हा विचार आमच्या मनास शिवला नाही. वय झाले, इतकेच म्हटले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला, तोल सावरण्याइतकी ताकद पायांत नव्हती, खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत. छाती अखेरपर्यंत उत्तम होती, असे डॉक्टरांनी आम्हांस सांगितले. ते ऐकून समाधान वाटावे की वाईट, हे आम्हांस अद्याप कळलेले नाही.

आमच्या थोरल्या बंधूंची गोष्ट याच्या उलट. ते तालमीतले. पंचविशीत शंभर किलोचे पोते एकट्याने पाठीवर घेत. पुढे मोंढ्यात आडतीचे दुकान काढले आणि गादीवर बसले ते बसलेच. सकाळचा जोरांचा नेम मात्र त्यांनी सोडला नव्हता. दंड भरलेले, मान भरलेली, छाती रुंद. लोक म्हणत, काय प्रकृती आहे! एका अंगारकीस सर्वांसमवेत राजूरच्या गणपतीस पायी निघाले. जालन्याहून राजूर सुमारे २५ किलोमीटर. अर्ध्या वाटेवर बसावे लागले. पित्त झाले म्हणून मोटारीने परत आले. ते पित्त नव्हते, हे दोन महिन्यांनी हृदयविकाराचा झटका आला तेव्हा कळले. वेळेवर उपचार झाले, म्हणून आज ते समोर पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि ही हकीकत सांगण्यास त्यांची अनुमती घेतलेली आहे. तेव्हा आपण सर्वांनी त्यांच्याकडे वळून पाहण्याचे कारण नाही.

एका घरात एकास दम होता, बळ नव्हते. दुसऱ्यास बळ होते, दम नव्हता. दोघांनाही आपण व्यायाम करतो, अशी पक्की खात्री होती. आणि खरोखरच ते करीत होते.

असे का व्हावे, याचे कारण देहाच्या रचनेत आहे. आपण चालतो, धावतो, पोहतो, तेव्हा हृदयास कित्येक मिनिटे सलग जास्त रक्त फेकावे लागते. या सवयीने एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त वाढते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींमधील तंतुकणिका, म्हणजे प्राणवायूच्या साहाय्याने अन्नाचे शक्तीत रूपांतर करणारी इवली भट्टीच म्हणा ना, संख्येने वाढतात. हा दम. उलटपक्षी, आठ-दहा वेळांतच हात थांबावा असे जड वजन उचलले की स्नायूंचे तंतू जाड होतात, एका क्षणी अधिकाधिक तंतूंना कामास जुंपण्याची मज्जातंतूंची कला सुधारते, हाडांवर ताण पडून तीही घट्ट राहतात. हे बळ. एका मार्गाने गेल्यास दुसऱ्या गावी थोडेफार पोहोचता येते, पण पुरते नाही. येथे जुन्या तालीमबाजांस एक गोष्ट नम्रपणे सांगावयाची आहे. हजार बैठका मारणे हे बळाचे काम राहात नाही. पहिल्या पन्नासांनंतर तो दमाचाच व्यायाम होतो. मांडीस अधिक बळ हवे असेल तर बैठकांची संख्या वाढवीत न बसता खांद्यावर ओझे घ्यावे.

दमाचे महत्त्व ज्या एका पाहणीने जगास पटले, तिचा विषय आमच्या मोंढ्यातील मंडळींनी मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. जेरेमी मॉरिस नावाच्या वैद्यकीय संशोधकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. एकाच गाडीवर दोन माणसे, एकाच वर्गातील, एकाच शहरातील. चालक दिवसभर आसनावर बसलेला. वाहक दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे देणारा. हृदयविकार वाहकांत कमी आढळला, आणि झाला तरी उशिरा व सौम्य. गादीवर बसलेला आडत्या आणि काट्यापासून गाडीपर्यंत येरझाऱ्या घालणारा हमाल डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे लंडनला जावयास नको. मात्र हमालाचे इतर हाल आम्ही विसरलेलो नाही. त्याच्या कष्टांना व्यायाम म्हणून गौरविणे ही चेष्टा होईल.

बळाची बाजू समजून घ्यावयास तर आपल्या पुण्यापर्यंतच जावे लागते. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापले. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन असे दोघे उभे आहेत. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. देहवस्तुमान निर्देशांक दोघांचाही २२.३. दोघेही सडपातळ. परंतु देहातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज गृहस्थांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के निघाली! वजन तेच, पण त्यातील स्नायूंचा वाटा कमी आणि चरबीचा अधिक. बारीक अंगाच्या भारतीय माणसास मधुमेह का होतो, या कोड्याचा एक धागा येथे सापडतो. खाल्लेल्या अन्नातील साखर साठवून ठेवणारे देहातील सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान असेल तर माल रस्त्यावर पडून राहणार, हे व्यापारी समाजास फोड करून सांगावयास नको. देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला. आपल्या समाजाची वेगळी गणना झालेली नाही. पण लग्नाच्या पंगतीत जिलेबी फिरताना किती पानांवर हात आडवे होतात, ते आपण पाहतोच. कॅनडात २५१ मधुमेही प्रौढांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केवळ दमाचा व्यायाम करणाऱ्यांची साखर उतरली, केवळ बळाचा करणाऱ्यांचीही उतरली. पण दोन्ही करणाऱ्यांची सर्वांहून अधिक उतरली.

आता कोणी म्हणेल, हे सगळे परदेशचे आणि पुण्याचे झाले. आपल्या मातीत याविषयी काही आहे की नाही? आहे तर! समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली झाला तो आपल्याच जिल्ह्यातील जांब या गावी, घनसावंगी तालुक्यात. नाशिकजवळ टाकळी येथे त्यांनी बारा वर्षे रोज असंख्य सूर्यनमस्कार घातले, असे परंपरा सांगते. गावोगावच्या मारुतीच्या देवळाशेजारी तालीम असते, यामागे तीच उपासना आहे. पुढे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नमस्कारांचा प्रसार शाळाशाळांतून केला. नमस्कार हा व्यायाम विलक्षण आहे, कारण त्यात हात-खांद्यांवर देहाचा भारही येतो आणि संथपणे पण न थांबता घातले तर श्वासही वाढतो. जुन्या पैलवानाचा दिवसही असाच मिश्र असे: जोर, बैठका, मुद्गल, मग हौद्यातली लढत, आणि पहाटेची दौड. बळ आणि दम वेगळे काढून विकण्याची चाल अलीकडची. तथापि एक उणीव दाखविली पाहिजे. नमस्कारात आणि जोरांत देह ढकलला जातो, ओढला जात नाही. ती उणीव दोरीने, मल्लखांबाने आणि प्रत्यक्ष कुस्तीने भरून निघे. आज आपण नमस्कार ठेवले आणि दोरी काढून टाकली. पाठ वाकू लागली ती त्यामुळेही.

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या आपल्या जालन्यात झाल्या, तेव्हा येथील बहुतेक मंडळी मैदानावर होती. आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके यास हरवून बाला रफिक शेख याने गदा मिळविली. मॅटवरील कुस्तीचा हिशेब पाहा. तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत. सहा मिनिटांत कित्येकदा आपल्याएवढ्याच वजनाच्या माणसास उचलावयाचे, दाबावयाचे, रेटावयाचे. किती पैलवानांचे हात पहिल्या डावात लोखंडासारखे आणि दुसऱ्या डावात दोरीसारखे झालेले आम्ही त्या दिवसांत पाहिले! उलट बाजूचे उदाहरण शेजारच्या बीड जिल्ह्याचे. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंद. धावण्याची शर्यत म्हणून आपण ती पाहतो; पण तीत २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात. म्हणजे थकलेल्या पायांनी पस्तीस वेळा देह हवेत उचलावयाचा. ज्याच्या मांडीत बळ नाही त्याचा दम तेथे पाण्यातच बुडेल.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. ती सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही.

आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांची आशा पोलीस भरतीवर असते. कापसाचा आणि मोसंबीचा भरवसा राहिला नाही, तेव्हापासून तर अधिकच. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ जालन्यातच असल्याने गणवेशातील माणूस मुलांस रोज दिसतो. सेवानिवृत्तीनंतर वसतिगृहातील मुलांची तयारी आम्ही हौसेने अंगावर घेतली. पहाटे त्यांस उठवावे आणि धावडवावे. आमचा सारा भर धावण्यावर. वजनास हात लावाल तर अंग जड होईल, वेग मरेल, असे आम्ही त्यांस बजावून सांगत होतो. कारण आमच्या गुरूंनी आम्हांस तसेच सांगितले होते. नियम मात्र आम्ही नीट वाचले नव्हते. शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात पुरुषांस १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि ७.२६० किलोच्या गोळाफेकीचे १५. स्त्रियांस ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. गुणांची वाटणी तीच. शंभर मीटरची झेप आणि गोळा हे दोन्ही दमाचे खेळ नव्हेत, बळाचे आहेत. म्हणजे पन्नासांपैकी तीस गुण बळाचे होते, आणि आम्ही मुलांचा सगळा वेळ वीस गुणांवर खर्च केला!

भोकरदन तालुक्यातील एक मुलगा होता. हरणासारखा धावे. चाचणीत १६०० मीटरचे त्यास जवळजवळ पूर्ण गुण मिळाले. गोळा त्याने त्यापूर्वी आयुष्यात मोजून दहा-बारा वेळा हातात धरलेला. तेथे त्याचे गुण इतके कमी पडले की लेखी परीक्षेच्या यादीत नाव लागले नाही. पुढील भरती निघेपर्यंत त्याची वयोमर्यादा उलटून गेली. आज तो औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात कामास आहे. रस्त्यात भेटला की सायकल उभी करून वाकून नमस्कार करतो, आणि आम्ही ओशाळून दुसऱ्याच विषयावर बोलू लागतो.

वजनाने वेग मरतो, हा आमचा समज खोटा होता. परंतु त्याचेच उलटे रूप आजच्या व्यायामशाळांतून ऐकू येते, ‘धावाल तर कमावलेले अंग उतरेल.’ यात तथ्य किती? रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने दहा आठवडे केवळ वजने उचलली, दुसऱ्याने केवळ दमाचा व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही पूर्ण मात्रेत केले. तिसऱ्या गटाचे बळ सातव्या आठवड्यापर्यंत वाढले, मग थांबले, आणि अखेरीस उतरू लागले. दम मात्र कमी झाला नाही. या एका प्रयोगावर व्यायामशाळांतील भीतीची इमारत उभी आहे. परंतु त्या गटावर आठवड्यातून पाच दिवस वजने आणि सहा दिवस दमाचे कठोर काम, असा दुहेरी बोजा होता, हे कोणी सांगत नाही. त्यानंतरच्या चार दशकांतील अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने स्नायूंची वाढ खुंटत नाही आणि बळही अडत नाही. अडते ते थोडेफार झेपेचे, हिसड्याचे बळ, आणि तेही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच बैठकीत उरकले तर. गोळा फेकणाऱ्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे. ज्या दिवशी गोळा व उड्या, त्या दिवशी ते काम ताज्या अंगाने आधी करावे; लांब धावणे सायंकाळी ठेवावे किंवा दुसऱ्या दिवशी. बाकीच्यांनी या बारकाव्याची चिंता करू नये. दुकानातून वेळ काढून जे जमेल ते आधी करावे आणि उरेल ते नंतर.

प्रत्यक्ष क्रम कसा असावा, हे आम्ही सुचवितो ते असे. सोमवार, बुधवार, शुक्रवार बळाचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार दमाचे. रविवारी विश्रांती, कारण त्या दिवशी लग्ने असतात. शनिवार मारुतीचा म्हणून बळाचा व्यायाम त्याच दिवशी हवा, असा कोणाचा आग्रह असेल तर वारांची अदलाबदल करावी. देहास वार कळत नाहीत. बळाच्या दिवशी पाच कामे पुरेत: ओझे घेऊन बसणे-उठणे, ढकलणे, ओढणे, जमिनीवरून उचलणे आणि उचललेले घेऊन चालणे. प्रत्येकाच्या दोन किंवा तीन फेऱ्या, फेरीत आठ ते बारा वेळा. आणखी दोन वेळा जमले असते असे वाटताच थांबावे. बारा वेळा सहज होऊ लागले की वजन किंचित वाढवावे. वजन न वाढविता तोच डंबेल वर्षानुवर्षे हलविणे म्हणजे त्याच इयत्तेत बसून राहणे होय. दमाच्या दिवशी तरुणांनी एकदा संथ व लांब धावावे, एकदा मध्यम वेगाने, आणि एकदा चारशे मीटरचे वेगवान तुकडे घ्यावेत. प्रौढांनी झपाझप चालावे. चालताना शेजाऱ्याशी बोलता यावे, परंतु अभंग गाता येऊ नये, हा वेग योग्य. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे अशी मध्यम चाल आणि कमीत कमी दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. दोन्ही सांगितले आहे, ‘किंवा’ म्हटलेले नाही, हे दोन्ही तटांच्या नजरेस आणून देतो.

दोन-तीन सूचना घाईने. मुलांनी काळोखात महामार्गाच्या कडेने धावू नये; भरधाव ट्रकास तुमची भरती ठाऊक नसते. उन्हाळ्यात आठच्या आत सर्व आटोपावे. छातीत दुखत असेल, रक्तदाब असेल, किंवा चाळिशीनंतर प्रथमच प्रारंभ करीत असाल, तर आधी डॉक्टरांस भेटावे. बंधूंनी न्यायला हवे होते तसे. डबाबंद भुकटीवाचून अंग भरत नाही, हा समज सोडावा; दूध, डाळी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, आणि चालत असेल त्या घरी अंडी, यांचे प्रमाण ताटात वाढविले तर बहुतेकांचे भागते. आणि लवकर फुगविणारी इंजेक्शने कोणी देऊ केली तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. ती हृदयाची आणि यकृताची हानी करतात.

माता-भगिनींविषयी अधिक बोलावयाचे होते, परंतु स्वयंपाकाची वर्दी दोनदा येऊन गेली आहे. इतकेच सांगतो. आमच्या आजीने पहाटे जाते ओढले, विहिरीतून पाणी शेंदले, डोक्यावर दोन घागरी घेऊन ती घरी आली. त्या कष्टांचे गोडवे आम्ही गाणार नाही. गिरणी आली आणि नळ आला, हे फार उत्तम झाले. परंतु त्या कष्टांतून खांद्यास आणि हाडांस जे मिळत होते, ते देणारे दुसरे काही आपण सुनांस आणि लेकींस दिले नाही. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात. त्यांस केवळ फिरावयास जा असे सांगणे पुरेसे नाही, त्यांनी वजन उचललेच पाहिजे. ‘या वयात?’ असे कोणी म्हणेल. मारिया फिआतारोने यांनी बोस्टन येथे वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम करवून घेतला, तो प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. सर्वांत वयस्क व्यक्ती ९६ वर्षांची होती. एकाने मध्येच सोडले. उरलेल्यांच्या मांड्यांचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक वाढले. हे आम्ही वाचले तेव्हा वडिलांस जाऊन बरीच वर्षे झाली होती. पुस्तक मिटून ठेवले आणि त्या दिवशी पुढे वाचवले नाही.

तेव्हा कोठीचे काय करावे? विजेवर चालणारा धावपट्टा घेऊ नये. तो महाग, त्यातच वीज जाते, आणि धावण्यास बाहेर मोकळी जमीन आहे. आरसे तूर्त एकच. एक मजबूत आडवा बार, छतास टांगलेली दोरी, दोन सळया व मोजकी वजने, भरतीसाठी दोन्ही मापांचे गोळे, आणि निरनिराळ्या वजनांची शिवलेली पोती. सकाळी साडेपाच ते साडेसात पुरुष व मुले. दुपारी चार ते साडेपाच केवळ स्त्रिया, आणि त्या वेळेची किल्ली महिला मंडळाकडे. साठीवरील मंडळींसाठी दोन भक्कम लाकडी खुर्च्या भिंतीशी ठेवाव्यात. हात न टेकता त्यांवरून दहा वेळा उठणे-बसणे, हा त्यांचा पहिला धडा. पोत्यांत वाळू भरावी असे कोणी सुचविले होते, परंतु वाळूचा सांप्रतचा भाव पाहता लोखंड स्वस्त पडेल, गहू भरावा. पहिली दोन पोती थोरल्या बंधूंनी आपल्या दुकानातून दिली आहेत, एक दहा किलोचे आणि एक वीसचे. गेल्या अंगारकीस ते राजूरला गेले, मध्ये एक मुक्काम करून, परंतु सबंध वाट पायी. दोन्ही पोती मोंढ्यातील काट्यावर त्यांनी स्वतः तोलली असून वजनात खोट निघणार नाही, अशी हमी त्यांनी भर सभेत दिली आहे.